जंगलाला लागून घर आहे, अस्वलं घरूनच बघायची आहेत. काय मांडावं, काय टाळावं?

मोहफूल

घर चिखलदरा तालुक्यात, मेळघाटच्या कडेला. मागचं दीड एकर रान आमच्याच सातबाऱ्यावरचं. त्याच्या टोकाला नाला, आणि नाल्यापलीकडे वनखात्याची हद्द सुरू होते. रानात मोहाची चार झाडं, एक मोठा उंबर, नाल्याकाठी अर्जुन आणि जांभूळ, बाकी सगळी घाणेरीची जाळी. वारुळं सात-आठ आहेत. त्यातली तीन गेल्या महिन्यात उकरलेली दिसली, आणि नाल्याच्या वाटेवर बोराच्या बियांनी भरलेली विष्ठा पडलेली होती. अस्वलच असावं असा अंदाज आहे, पण खात्री कशी करायची?

घराला गच्ची आहे. तिथून नाला ८०-९० मीटर, मध्ये आडोसा फारसा नाही. रानात न उतरता, त्यांना त्रास न देता बघता यावं एवढीच इच्छा. पाण्याची टाकी बांधावी का? गूळ किंवा फळं ठेवली तर चालतात का? ट्रॅप कॅमेरा, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा, लावायचा तर कुठे, किती उंचीवर? घरात दोन लहान मुलं आणि एक कुत्रा आहे, त्यामुळे काय टाळायचं तेही सांगा.

रातवा

आधी खात्रीचं. बोराच्या बिया कोल्ह्याच्या आणि उदमांजराच्या विष्ठेतही सापडतात, म्हणून नुसत्या बियांवर जाऊ नका. अस्वलाची विष्ठा ढिगाने पडते आणि सैल असते. काडीने पसरून बघा. मातीचे कण आणि वाळवीची तांबूस डोकी दिसली की शंका राहत नाही. उकरलेल्या वारुळापाशी बसून खड्डा तपासा. अस्वल नरसाळ्यासारखा खड्डा करतं, वर रुंद, खाली निमुळता, आणि कडेच्या ओल्या मातीत नखांचे लांब समांतर ओरखडे राहतात. खड्ड्यात तोंड खुपसून ते आधी धूळ फुंकतं, मग वाळवी ओढून घेतं. त्याला वरचे मधले दोन पटाशीचे दात नसतात, आणि नाकपुड्या मिटून घेता येतात, म्हणूनच हे जमतं. हा फुंकण्या-ओढण्याचा आवाज शांत रात्री शंभर मीटरवरून सहज येतो. म्हणजे तुमच्या गच्चीवरून अस्वल दिसण्याआधी ऐकू येईल. कान तयार करा.

पाऊलखुणांसाठी नाल्याच्या वाटेवर दोन मीटर लांब, वाट असेल तेवढ्या रुंदीचा पट्टा झाडून घ्या. त्यावर चाळलेली बारीक माती बोटाच्या एका पेराइतकी जाड पसरा आणि फळीने सपाट करा. जाड थर घातला की ठसा ढासळतो. संध्याकाळी सपाट करायचा, सकाळी ऊन तिरपं असताना बघायचा. दुपारच्या उन्हात सावलीच पडत नाही आणि चांगला ठसाही दिसत नाही. मागच्या पायाचा ठसा अनवाणी मुलाच्या पावलासारखा. पुढच्या पायाची बोटं जवळजवळ एका रेषेत, आणि नखांच्या खुणा बोटांपासून चांगल्या लांब पुढे. बिबट्याच्या ठशात नख उमटत नाही, तरसाच्या ठशात उमटतं पण बोटाला लागूनच असतं. नाल्याकाठच्या अर्जुनाची गुळगुळीत सालही बघा. वर मधाचं पोळं असेल तर खोडावर चढण्याचे ओरखडे हमखास असतात.

आता गच्चीवर बसण्याचं. सूर्य मावळायच्या तासभर आधी बसायचं आणि मग उठायचं नाही. अस्वलाची नजर आणि कान बेताचे, पण नाक फार तीक्ष्ण. म्हणून कपड्याच्या रंगापेक्षा वारा महत्त्वाचा. चिमूटभर राख सोडून बघा. डोंगराच्या कुशीतलं घर असेल तर दिवसा वारा चढाने वर येतो आणि सूर्यास्तानंतर थंड हवा उताराने खाली सरकते. घर नाल्यापेक्षा उंचावर असेल तर नेमक्या अस्वलाच्या वेळेला तुमचा वास नाल्याकडे जाणार. अशा संध्याकाळी डासांची कॉइल, अगरबत्ती, विडी, तळणाचा घमघमाट काहीच नको.

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं; १० बाय ४२ नको. ४२ ला ८ ने भागलं तर डोळ्यात उतरणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा येतो, १० ने भागलं तर चारच्या थोडा वर. भर उजेडात हा फरक कळत नाही, पण अस्वल निघतं त्या वेळेला तोच कळतो. पौर्णिमेच्या आगेमागे तीन-चार रात्री धरा. बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर मचाणावरून प्राणी बघण्याचा निसर्गानुभव ठेवतं तेही याचसाठी: चांदणं पूर्ण, पानगळ झालेली, पाणी मोजक्याच जागी. चांदण्यात अस्वल म्हणजे काळा गोळा, रानडुकरासारखाच वाटतो. चालीवरून ओळखा. डुक्कर ताठ, तुरुतुरु जातं. अस्वल डोकं खाली घालून, खांदे डोलवत, फरफटल्यासारखं चालतं, आणि तोंड वळवलं की फिकट मुस्कट चमकतं.

दिवसाउजेडी पिल्लांसकट मादी दिसली तर ती आजारी आहे असं समजू नका. वाघ, बिबटे रात्री फिरतात म्हणून पिल्लंवाल्या माद्या पुष्कळदा दिवसा चरतात. पिल्लं डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होतात, दोन-तीन महिन्यांनी गुहेबाहेर येतात आणि पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून फिरतात. भारतात पिल्लं पाठीवर वाहणारं अस्वल हे एकच. हे दृश्य गच्चीवरून दिसलं तर दुर्बीण स्थिर ठेवा आणि मुलांना आवर्जून दाखवा.

गूळ, फळं, मध: काहीही ठेवायचं नाही. अस्वल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष लावणंही येतं. कायदा बाजूला ठेवला तरी उत्तर तेच राहतं. अस्वल जागा लक्षात ठेवतं. एकदा घराच्या वासाशी गुळाची गाठ बसली की ते दुसऱ्या खेपेला नाल्यावर थांबणार नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी येईल. कर्नाटकात दरोजीच्या अस्वल अभयारण्यात खडकावर गूळ-मधाचा लेप लावतात आणि पर्यटक मनोऱ्यावरून बघतात, हे उदाहरण लोक नेहमी देतात. तिथे ते काम खात्याची माणसं करतात, ठरलेल्या खडकावर, आणि त्या खडकाशेजारी कुणी राहत नाही. तुमच्या मागच्या अंगणाला ते लागू होत नाही.

ट्रॅपकॅम

कॅमेऱ्याचं सविस्तर लिहितो, कारण चुका सगळ्या इथेच होतात.

आधी जागा. कॅमेरा फक्त तुमच्या सातबाऱ्याच्या हद्दीत. नाल्यापलीकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय लावू नका, नुसता 'झाडाला बांधला होता' हेही चालत नाही. गावातल्या बायका पाण्याला किंवा सरपणाला ज्या वाटेने जातात त्या वाटेवरही नको. आणि लावण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवा.

उंची: सेन्सर जमिनीपासून ४५ ते ५० सेंटीमीटर. अस्वलाचा खांदा ६० ते ९० सेंटीमीटरला येतो, त्यामुळे या उंचीवर अंगाचा मधला भाग सापडतो आणि साळिंदर, उदमांजर, भेकरसुद्धा सुटत नाही. छातीच्या उंचीवर लावून खाली कलवलेला कॅमेरा लहान जनावरं गाळतो. वाटेपासून साडेतीन-चार मीटर मागे, आणि वाटेला काटकोनात न रोखता सुमारे ४५ अंशांत तिरपा. काटकोनात रोखला तर प्राणी चौकटीतून चटकन पार होतो आणि फोटोत नुसतं ढुंगण येतं. तोंड शक्यतो उत्तरेला. पूर्व-पश्चिम लावला तर रोज एक वेळ सूर्य थेट भिंगात येतो.

समोरचं गवत आणि लोंबती फांदी दोन मीटरपर्यंत कापा. सेन्सर हालचाल बघत नाही, हलणारा तापमानाचा फरक बघतो. उन्हात तापलेलं गवत वाऱ्यावर हललं तरी तो चालतो, आणि एका दुपारीत हजार रिकामे फोटो काढून कार्ड भरून टाकतो. याची उलट बाजू उन्हाळ्यात दिसते. एप्रिल-मेत सावलीतली हवाच चाळीसच्या वर गेली की जनावराचं अंग आणि मागची जमीन जवळपास सारखीच तापलेली असते आणि सेन्सरला फरक कळत नाही. त्या दिवसांत दुपारचे फोटो नाहीत म्हणजे दुपारी प्राणी आला नाही, असं धरू नका. पाण्यावर कॅमेरा असेल तर या दोन महिन्यांत दर मिनिटाला एक फोटो आपोआप काढायची सोय चालू करा.

बॅटरी: साध्या अल्कलाइनने दिवसाचे फोटो छान येतात आणि रात्रीचे काळे, अशी तक्रार असते. कॅमेरा बिघडलेला नसतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागताना एकदम जास्त वीज लागते, अर्ध्या संपलेल्या अल्कलाइनचा दाब तिथे कोसळतो. कमी गळतीचे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरा, पण कॅमेरा १.२ व्होल्टचे सेल चालवतो का ते पुस्तिकेत बघून. नवेजुने सेल एकत्र घालू नका. या दिव्यांच्या उजेडाची तरंगलांबी ९४० नॅनोमीटर असेल तर लाल ठिपका दिसत नाही, पण उजेड कमी दूर पोचतो. ८५० चा उजेड लांब जातो, ठिपका मात्र दिसतो. घराजवळच्या वाटेला चार-पाच मीटरसाठी ९४० पुरतात.

सेटिंग: एका खेपेला तीन फोटो, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. उंबराखाली लावला तर विश्रांती दोन मिनिटं ठेवा, नाहीतर वानरांचा कळप एका सकाळीत कार्ड संपवेल. ३२ जीबीचं कार्ड भरपूर, ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तारीख-वेळ लावली का हे दोनदा बघा. वेळ चुकीची असेल तर वर्षभराची नोंद वाया जाते.

अस्वल कॅमेरा चाटतं, चावतं, ओढतं. लोखंडी पेटी आणि वायररोप लावा. हाताला तेल, अत्तर, डास पळवायचं मलम असताना कॅमेरा हाताळू नका. मुंग्या सहसा बाहेरच्या वीजजोडणीच्या रबरी झाकणातून आत शिरून घर करतात. ते झाकण नीट बसतं का हे दर खेपेला तपासा. कार्ड बदलायला भर दुपारी जायचं, दोघांनी, बोलत. आठवड्यातून एकदा पुरे. रोज गेलात तर वाटेवर तुमचाच वास राहील.

फोटो जगाला दाखवताना गाव, नाला, झाड यांची नावं घालू नका. पित्तासाठी अस्वलाची शिकार अजूनही होते. आणि फोटोत तारेचा फास किंवा कुंपणावर टाकलेली उघडी वीज दिसली तर स्वतः काढायला जाऊ नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. फास डुकरासाठी लावलेला असतो आणि अडकतं अस्वल.

सालई

पाण्याच्या टाकीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. माझं मत: नाल्यात मेपर्यंत डोह राहत असेल तर बांधूच नका. आहे तिथेच प्राणी येतात, तुम्ही गच्चीवरून बघताच. पाणी घराजवळ आणलं की चितळ येतं, त्याच्यामागे बिबट्या येतो, आणि बिबट्याला तुमचा कुत्रा चितळापेक्षा सोपा.

नाला फेब्रुवारीतच आटत असेल तरच पाणवठा करा, आणि तोही घरापासून जितका लांब जमेल तितका, नाल्याच्या बाजूला. बशीसारखा उथळ करा: तीन मीटर व्यास, मधोमध ३० सेंटीमीटर खोली, कडा सपाट उताराच्या, पृष्ठभाग खरबरीत. यात साधारण हजार लिटर पाणी मावतं. मेमध्ये दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडालं तरी ७० लिटर गेलं, प्राणी पितात ते वेगळं. म्हणजे आठवड्याला निदान ५०० लिटरची सोय हवी, आणि एकदा सुरू केलं की पाऊस पडेपर्यंत बंद करता येत नाही. भर उन्हाळ्यात तिथे सवय झालेले प्राणी कोरड्या बशीशी येऊन परत जातात, हे फार वाईट. दर आठवड्याला रिकामी करून नुसत्या ब्रशने घासा, साबण-फिनाईल नाही. गावची गुरं तिथे पाणी पीत असतील तर लाळ-खुरकूत रानातल्या जनावरांपर्यंत जाऊ शकते, म्हणून गुरांना तिकडे वळू देऊ नका. उभ्या भिंतीची चौकोनी टाकी तर कधीच नको, पाखरं आणि पिल्लं बुडतात. शिवारात विनाकठड्याची विहीर असेल तर त्या टाकीचे पैसे आधी विहिरीला चार फुटांचा कठडा बांधायला घाला. रात्री पळताना अस्वलं विहिरीत पडतात.

मुलांसाठी आणि कुत्र्यासाठी: घाणेरी घराच्या चारी बाजूंनी १५ मीटरपर्यंत मुळासकट काढा. दिवसा अस्वल तिथेच झोपतं, आणि माणूस अगदी जवळ पोचेपर्यंत त्याला कळत नाही. बहुतेक हल्ले असेच होतात, दचकून. पलीकडची घाणेरी राहू द्या, त्यांनाही आसरा हवा. ओला कचरा झाकणाच्या डब्यात किंवा गाडलेल्या खड्ड्यात, वर हातभर माती. पिकलेले फणस, पपई, पेरू झाडावर लोंबत ठेवू नका. तेलाचे डबे, गूळ, कोंबडीखाद्य पडवीत नको. कुत्रा अंधार पडायच्या आत बांधा आणि खोलीत घ्या. मोकळा कुत्रा अस्वलामागे धावतो, अस्वल उलटलं की धन्याकडे पळत येतो, आणि पाठोपाठ अस्वलही अंगणात येतं.

समोरासमोर आलंच तर पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही. ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. जागीच थांबा, हळू आवाजात बोला म्हणजे माणूस आहे हे त्याला कळेल, आणि त्याची वाट मोकळी करत मागे सरका. आरडाओरडा लांबून उपयोगी पडतो, दहा पावलांवरून नाही. अंगावर आलं तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान आणि चेहरा झाका, त्याचा वार बहुतेक डोक्यावर आणि तोंडावर असतो. जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. रक्त भळाभळा येत असेल तर आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा. १०८ ला फोन करा. दवाखान्यात रेबीजची लस आणि सीरम, धनुर्वाताचं इंजेक्शन मागून घ्या. वनखात्याला लगेच कळवा, भरपाईसाठी पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लागतात.

मोहफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. खड्ड्यात तसेच समांतर ओरखडे आहेत, आणि अर्जुनावरही. नाल्यात मेच्या मध्यापर्यंत एक डोह राहतो, म्हणून टाकीचा विचार सोडला. एक शेवटचं: मार्चमध्ये घरची माणसं आमच्या चार झाडांखाली पहाटे चारला मोह वेचायला जातात. तेव्हा काय करावं?

रातवा

चारला जायचं नाही, एवढं आधी ठरवा. मोह पहाटेपासून गळतो आणि सकाळी उशिरापर्यंत गळत राहतो. रात्रभर अस्वल त्याच झाडाखाली असतं, आणि अंधारात वाकून वेचणारा माणूस त्याला माणूस वाटत नाही. तांबडं फुटून झाडाखालचं सगळं स्वच्छ दिसू लागल्यावर, तिघाचौघांनी, शंभर पावलांआधीपासून मोठ्याने बोलत जा. काठीला घुंगरू बांधा. आधी झाडाभोवती लांबून एक फेरी मारून बघा, मगच वाका. एकाने वेचायचं नाही, उभं राहून फक्त बघायचं.

पाला जाळून झाडाखाली साफ करू नका, वणवा तिथूनच सुरू होतो. झाडून घ्या आणि जुन्या साड्या किंवा जाळी जमिनीपासून दोन-अडीच फूट वर चार खुंटांना ताणून बांधा. फुलं स्वच्छ राहतात, वेचायला दहा मिनिटं लागतात, कंबर धरत नाही. चारांपैकी नाल्याला सगळ्यात जवळचं झाड मात्र वेचू नका, अस्वलाला सोडा. गच्चीवरून दिसणारं झाड तेच असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे पाचला दुर्बीण घेऊन तिकडे बघा. मोह वेचलेला अंगणात वाळत घालू नका, घराच्या गच्चीवरच वाळवा, आणि रात्री आत घ्या.